सर्पगंधेपासून स्टेंटपर्यंत : ‘गुण आला’ म्हणजे नेमकं काय झालं?

(माजी विद्यार्थी स्नेहमेळाव्यात केलेल्या भाषणाचा मजकूर)



संयोजकांनी मला ‘हृदयविकार : घ्यावयाची काळजी’ असा विषय दिला होता. मीठ कमी खा, तंबाखू सोडा, रोज चाला. झालं, विषय संपला. हे तुम्हाला सगळ्यांना पाठ आहे आणि ज्यांना करायचं नाही ते माझ्या भाषणानं करणार नाहीत. म्हणून मी विषय थोडा बदलून घेतला आहे. आपल्या बॅचच्या व्हॉट्सअ‍ॅप ग्रुपवर वर्षभरात हृदयाबद्दल जेवढे संदेश आले, तेवढे शाळेच्या आठवणींचेही आले नसतील. अमुक काढ्यानं ब्लॉकेज विरघळतं, तमुक गोळीनं झटक्याचा धोका निम्मा होतो, ‘अमेरिकेतल्या संशोधनात सिद्ध झालं आहे’. खाली पाच जण हात जोडतात आणि मग मला फोन येतो, ‘डॉक्टर, खरं आहे का रे हे?’

त्या ‘सिद्ध झालं आहे’बद्दलच मला आज बोलायचं आहे.

आपल्यातले निम्म्याहून अधिक शेतकऱ्यांच्या घरातले. पेरूच्या बागेत नवं खत खपवायला एखादा माणूस आला आणि म्हणाला, की पलीकडच्या गावात हे टाकलं तर दीडपट फळ आलं, तर आपले वडील काय विचारायचे? जमीन कोणती? पाणी किती? आणि मुख्य म्हणजे त्याच बागेत हे खत न टाकलेली एखादी ओळ होती का? ती ओळ नसेल तर दीडपट फळ खतानं आलं, चांगल्या पावसानं आलं की मालकाच्या मेहनतीनं, हे कसं ठरवणार? राहुरीच्या कृषी विद्यापीठात तुम्ही प्रयोगाचे वाफे पाहिले असतील. एकाच शेताचे तुकडे करायचे आणि कोणत्या वाफ्याला काय द्यायचं ते चिठ्ठी टाकून ठरवायचं, म्हणजे चांगली जमीन आपल्या लाडक्या खताच्या वाट्याला जात नाही. ही पद्धत रोनाल्ड फिशर यांनी इंग्लंडमधल्या रॉथॅमस्टेड इथल्या शेती संशोधन केंद्रात १९२०च्या दशकात बसवली. माणसांच्या औषधांना ती नीटपणे लागू झाली ती १९४८ साली, ब्रिटनमध्ये झालेल्या क्षयावरच्या स्ट्रेप्टोमायसिनच्या चाचणीत. म्हणजे हा न्याय माणसांच्या आधी गव्हाला आणि बटाट्याला मिळाला.

आता त्याच सुमाराची आपल्या मुंबईतली गोष्ट सांगतो. डॉ. रुस्तुम जाल वकील हे तिथले मोठे हृदयरोगतज्ज्ञ. सर्पगंधा ही वनस्पती आपल्याकडे सापाच्या विषावर आणि वेडावर पूर्वापार वापरात होती. रक्तदाबावरही ती चालते, असं कलकत्त्याच्या गणनाथ सेन आणि कार्तिकचंद्र बोस यांनी १९३१ सालीच लिहिलं होतं. पण जगानं दखल घेतली ती वकिलांच्या लेखाची. ‘ब्रिटिश हार्ट जर्नल’मध्ये १९४९ साली तो छापून आला. ५० रुग्ण, सर्पगंधेच्या गोळ्या आणि त्यांच्या रक्तदाबाचे आकडे. पुढे १९५२ साली स्वित्झर्लंडमधल्या सिबा कंपनीच्या शास्त्रज्ञांनी या मुळीतून रेसरपिन हे द्रव्य वेगळं काढलं आणि १९५७ साली वकिलांना अमेरिकेचा मानाचा लास्कर पुरस्कार मिळाला. मराठी मुलखात झालेल्या कामानं जगाचं रक्तदाबाचं औषध बदललं. पाठ्यपुस्तकात हा धडा असायला हवा होता, असं मला नेहमी वाटतं.

एवढा अभिमान व्यक्त करून झाल्यावर तोच लेख वर्गातल्या मुलांसारखा तपासू या. चिठ्ठीनं निवडलेला, औषध न घेणारा दुसरा गट तिथे नव्हता. मग रक्तदाब उतरला तो औषधानंच, असं आपण खात्रीनं म्हणू शकतो का? रक्तदाब ही फार चंचल गोष्ट आहे. ज्या दिवशी तो जास्त भरतो त्याच दिवशी माणूस ‘रुग्ण’ म्हणून नोंदला जातो. पुढच्या वेळी तो काहीही न करता थोडा खाली आलेला असतो, कारण शिखरावरून निघालेला माणूस खालीच येणार. पहिल्या भेटीत दवाखान्याची धास्ती असते, चौथ्या भेटीपर्यंत कंपाउंडर ओळखीचा होतो. नुसता दिलासा आणि साखरेची गोळी दिली तरी ५० जणांपैकी बऱ्याच जणांचा आकडा उतरेल. वकिलांचं निरीक्षण बरोबर निघालं, हे आपल्याला आज माहीत आहे. पण ते बरोबर आहे हे त्या एका लेखावरून कळण्यासारखं नव्हतं. त्याच काळात तितक्याच आत्मविश्वासानं छापलेली कितीतरी औषधं पुढे फुसकी निघाली. त्यांची नावं आज कुणाला आठवत नाहीत, एवढाच फरक.

आणि समजा, आकडा औषधानंच उतरला. मग पुढे काय? माणूस आकडा घेऊन जगत नाही. त्याला लकवा टळायला हवा, हृदय शाबूत राहायला हवं. याचं उत्तर मिळायला १९६७ साल उजाडलं. अमेरिकेतल्या माजी सैनिकांच्या रुग्णालयांत एडवर्ड फ्रिस आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १४३ पुरुष घेतले. सगळ्यांचा खालचा रक्तदाब ११५ ते १२९ होता. चिठ्ठीनं ७३ जणांना खरी औषधं दिली, त्यांत आपल्या सर्पगंधेचं रेसरपिन होतं. ७० जणांना तशाच दिसणाऱ्या, पण औषध नसलेल्या गोळ्या दिल्या. कुणाला काय मिळालं ते रुग्णांना माहीत नव्हतं. गंभीर गुंतागुंती पोकळ गोळीच्या गटात २७ जणांना झाल्या, औषधाच्या गटात २ जणांना. इथे वाद संपतो. लाखभर माणसं लागली नाहीत, १४३ पुरली, कारण फरकच एवढा मोठा होता.

तरी एक प्रश्न राहतोच : यात होते कोण? सगळे पुरुष. त्यातही आधी गोळ्या देऊन पाहिलं आणि जे नेमानं घेत नव्हते त्यांना सुरुवातीलाच वगळलं. गोळीत असा एक पदार्थ घातला होता की लघवी तपासली की चोरी पकडली जायची. म्हणजे हा निकाल शिस्तीच्या पुरुषांचा. आपल्या घरातल्या बायका, ज्या स्वतःची गोळी संपली तर ‘पुढच्या बाजाराला आणू’ म्हणतात, त्या या चाचणीत कुठेच नव्हत्या. नंतरच्या चाचण्यांत बायका आल्या आणि फायदा त्यांनाही दिसला, पण त्यासाठी पुन्हा वाट पाहावी लागली.

याच औषधाचा पुढचा प्रसंग उलट्या दिशेचा आहे. १९७४ साली ‘लॅन्सेट’ या नियतकालिकात एकाच वेळी तीन अभ्यास आले : रेसरपिन घेणाऱ्या बायकांना स्तनाचा कर्करोग जास्त होतो. जगभर घबराट उडाली. हे अभ्यास चिठ्ठीचे नव्हते. कर्करोग झालेल्या बायका घ्यायच्या, न झालेल्या घ्यायच्या आणि कुणी पूर्वी रेसरपिन घेतलं होतं ते मोजायचं, असा तो प्रकार. नंतरच्या अभ्यासांत हा संबंध टिकला नाही. चूक कुठे होती? तुलनेच्या गटातून हृदयाचे आणि रक्तदाबाचे आजार असलेल्या बायका आधीच काढून टाकल्या होत्या. आता रक्तदाबच नसलेल्या बायका रक्तदाबाची गोळी घेतील कशाला? उसाच्या फडातून आधी ऊस तोडून न्यायचा आणि मग म्हणायचं, इथे ऊस होत नाही. रेसरपिन आज फारसं वापरात नाही, कारण मन उदास होणं, नाडी मंद होणं, नाक चोंदणं असे त्रास होतात आणि त्याहून सोयीची औषधं आली. म्हणूनच ‘वनस्पती आहे, अपाय नाही’ म्हणून कुणी सर्पगंधेची पूड विकत असेल तर ती घेऊ नका. ज्या मुळीत रक्तदाब उतरवण्याची ताकद आहे, तिच्यात अपाय करण्याचीही आहे.

‘आकडा सुधारला म्हणजे माणूस सुधारला’ या समजाची सगळ्यात महागडी परीक्षा हृदयाच्या ठोक्यांवर झाली. झटका येऊन गेलेल्या माणसांच्या हृदयात मधूनच जादा ठोके पडतात आणि अशांना मृत्यूचा धोका जास्त असतो, हे माहीत होतं. एन्केनाइड आणि फ्लेकेनाइड या औषधांनी ते ठोके थांबायचे, ईसीजी स्वच्छ दिसायचा. डॉक्टर खूश, रुग्ण खूश. मग ‘कास्ट’ नावाची चाचणी झाली. तिचा अंतिम अहवाल १९९१चा : औषध घेणाऱ्या ७५५ जणांत ६३ मृत्यू, पोकळ गोळीच्या ७४३ जणांत २६. ईसीजी सुंदर आणि माणसं जास्त मेली. आमच्या विद्यार्थ्यांना मी हे दोन आकडे पाठ करायला लावतो, बाकीचं विसरलात तरी चालेल म्हणतो.

आता घरातल्या विषयाकडे येतो. आज इथे बसलेल्यांपैकी एकाची ही गोष्ट आहे. त्याची परवानगी घेतली आहे, नाव घेत नाही. बांधावरून भरभर चाललं की त्याच्या छातीत आवळायचं, थांबलं की दोन मिनिटांत बरं. असं सहा महिने चाललं. शहरातल्या एका रुग्णालयात अँजिओग्राफी झाली. एका रक्तवाहिनीत ८० टक्के अडथळा. घरच्यांना बाहेर बोलावून सांगितलं, ‘हा टाइमबॉम्ब आहे, आत्ताच स्टेंट टाकू, रात्रीचा भरवसा देता येत नाही.’ वहिनींचा मला फोन आला : ‘भाऊजी, अर्धा एकर द्यायचं ठरवलंय दिरांनी. सही करू का?’

मी तीनच गोष्टी विचारल्या. डाव्या बाजूची मुख्य रक्तवाहिनी मोकळी आहे का? हृदयाची पंपाची ताकद किती? बसल्याजागी दुखतंय का, किंवा अलीकडे दुखणं वाढलंय का? मुख्य वाहिनी मोकळी होती, ताकद चांगली होती, बसल्याजागी दुखत नव्हतं. म्हटलं, सही थांबवा, औषधं लिहून घ्या आणि सीडी घेऊन घरी या. अर्धा एकर आज रात्री कुठे पळून जात नाही.

हे मी धाडसानं म्हटलं नाही. नेमक्या अशाच रुग्णांवर ‘इस्केमिया’ नावाची चाचणी झाली होती. ३७ देशांतले ५१७९ रुग्ण, त्यात भारतातलेही. निकाल २०२०चा. निम्म्यांना चांगली औषधं आणि शिवाय अँजिओग्राफी करून स्टेंट किंवा बायपास. निम्म्यांना आधी फक्त औषधं, त्यांनी नाही भागलं तरच पुढचं. साधारण सव्वातीन वर्षांनी मृत्यू मोजले : पहिल्या गटात १४५, दुसऱ्या गटात १४४. झटका वगैरे सगळं धरून ३१८ विरुद्ध ३५२, आणि एवढा फरक योगायोगानंही पडू शकतो. हा काही ‘रात्रीचा भरवसा नाही’ असा हिशोब नव्हे. अर्थात इथेही वकिलांच्या लेखाला विचारलेलेच प्रश्न विचारायचे. औषधांच्या गटातल्या साधारण पाचातल्या एकाला पुढे स्टेंट किंवा बायपास लागलंच. ज्यांची मुख्य वाहिनी बंद होत आली होती, ज्यांचं हृदय फारच दुबळं होतं, ज्यांना औषधं घेऊनही असह्य दुखत होतं, त्यांना या चाचणीत घेतलंच नव्हतं. त्यांना हा निकाल लागू करणं म्हणजे काळ्या जमिनीचा प्रयोग मुरमाड माळाला लावणं.

मग स्टेंटनं दुखणं तरी कमी होतं का? ब्रिटनमध्ये २०१७ साली ‘ऑर्बिटा’ चाचणीत फार धीट गोष्ट केली गेली. २०० रुग्णांना गुंगी दिली, कानाला हेडफोन लावून गाणी लावली. १०५ जणांना खरा स्टेंट टाकला, ९५ जणांना काहीच न टाकता बाहेर आणलं. कुणाला काय झालं ते रुग्णाला माहीत नव्हतं. सहा आठवड्यांनी दोन्ही गट ट्रेडमिलवर आधीपेक्षा जास्त चालले. दोघांतला फरक होता १६.६ सेकंदांचा, म्हणजे ठाम काही म्हणता येऊ नये इतकाच. ऑपरेशन झालं या विश्वासालाही गुण असतो. पण हे रुग्ण आधीच भरपूर औषधांवर होते. तोच गट २०२३ साली ‘ऑर्बिटा २’ घेऊन आला. या वेळी दुखण्यावरची औषधं बंद करून ३०१ रुग्णांवर तीच परीक्षा घेतली आणि स्टेंटवाल्यांचं दुखणं खरंच कमी झालं. दोन्ही निकाल खरे आहेत, प्रश्न वेगळे होते. ग्रुपवर मात्र पहिल्याच्या वेळी ‘स्टेंट म्हणजे लूट’ आणि दुसऱ्याच्या वेळी ‘स्टेंटच श्रेष्ठ’ असे संदेश येतात.

आपल्या मित्रानं चार महिने औषधं नेमानं घेतली. दुखणं अर्ध्यावर आलं, पण पाण्याची बारी द्यायला रात्री शेतात जाताना त्रास व्हायचाच. शेवटी त्यानं स्टेंट टाकून घेतला, महात्मा फुले जन आरोग्य योजनेत, जमीन न विकता. आता तो बरा आहे. आयुष्य वाढेल म्हणून नव्हे, तर चालता यावं म्हणून टाकतोय, हे त्याला माहीत होतं. स्टेंटचंच म्हणाल तर २०१७च्या फेब्रुवारीत सरकारनं औषधी स्टेंटची किंमत २९,६०० रुपयांवर बांधली. तोवर हाच स्टेंट लाखाच्या पुढे विकला जात होता. जो स्टेंट या किमतीत विकता येतो, तो आदल्या दिवशी लाखाला का होता, हे कुणी आपल्याला सांगितलं नाही.

आता नीट ऐका, कारण इथे गैरसमज झाला तर जीव जाईल. हे सगळं ‘चाललं की दुखतं, थांबलं की थांबतं’ अशा दुखण्याबद्दल होतं. बसल्याजागी छाती भरून आली, घाम फुटला, वीस मिनिटांत थांबलं नाही, तर तो झटका आहे आणि तिथे एक मिनिट घालवायचं नाही. त्या वेळी अँजिओप्लास्टी किंवा गुठळी विरघळवणारं इंजेक्शन जीव वाचवतं. भारतातल्या ८९ रुग्णालयांतल्या वीस हजारांहून अधिक रुग्णांची ‘क्रिएट’ नावाची नोंद २००८ साली छापली गेली. झटक्याच्या रुग्णांना दवाखान्यात पोचायला लागलेला मधला वेळ होता ३६० मिनिटं. सहा तास! पित्त असेल म्हणून सोडा पिण्यात, गाडी शोधण्यात, मुलगा पुण्याहून येईपर्यंत थांबण्यात ते गेले. आपल्याला शिर्डी आणि लोणी हाकेच्या अंतरावर आहे, तेव्हा ही सबब आपल्याला नाही.

झटक्यातल्या उपचारांची सगळ्यात गाजलेली चाचणी म्हणजे १९८८ची ‘आयसिस २’. १७,१८७ रुग्ण. महिनाभर रोज अ‍ॅस्पिरिनची छोटी गोळी दिली तर पाच आठवड्यांतले मृत्यू शंभरात ११.८ वरून ९.४ वर आले. हेच ‘मृत्यू २० टक्क्यांनी घटले’ असंही सांगता येतं आणि ‘शंभरात दोन-अडीच माणसं वाचली’ असंही. दोन्ही खरं. विकणारा पहिलं सांगतो, तुम्ही दुसरं विचारा. काही पैशांच्या गोळीनं शंभरात दोन माणसं वाचणं ही मोठीच गोष्ट आहे. महिन्याला काही हजारांच्या औषधानं वर्षाला हजारात दोन वाचत असतील, तर विचार करायला हवा. तिथेही टक्केवारी ऐकायला वीसच येऊ शकते.

याच चाचणीत एक गंमत आहे. नियतकालिकानं सांगितलं, की वय, लिंग अशा लहान लहान गटांत फायदा किती ते वेगळं करून दाखवा. संशोधकांना हे पसंत नव्हतं. त्यांनी राशीप्रमाणेही वाटणी करून दाखवली. निकाल : मिथुन आणि तूळ राशीच्या लोकांना अ‍ॅस्पिरिननं फायदा नाही, उलट किंचित तोटाच! (ही जन्मतारखेवरून काढतात ती रास, आपली पत्रिकेतली नव्हे, म्हणून लगेच पंचांग काढू नका.) ढीग पुरेसे लहान केले की एखाद्या ढिगात काहीही निघतं. तेव्हा ‘एकूण फायदा दिसला नाही, पण पन्नाशीच्या, मधुमेही, शाकाहारी पुरुषांत दिसला’ असं वाचलंत, की तूळ रास आठवा.

पैसे कुणी दिले, हेही पाहायचं. कंपनीनं पैसे दिले म्हणजे चाचणी खोटी असं नाही, औषधाच्या मोठ्या चाचण्या पुष्कळदा कंपन्यांच्याच पैशानं होतात. पण काय मोजणार हे आधी जाहीर केलं होतं का, आणि शेवटी तेच मोजलं का, ते बघायचं. आपल्या देशातल्या चाचण्यांची सार्वजनिक नोंदणी २००७ साली सुरू झाली आणि २००९पासून ती सक्तीची आहे. संकेतस्थळ फुकट आहे, कुणालाही पाहता येतं.

भाषण इथे संपलं होतं. त्यानंतर आपल्या एका सरांनी विचारलेला प्रश्न आणि त्याचं उत्तरही छापावं, असं संपादकांनी सुचवलं, म्हणून जोडतो.

सरांचं वय ७८. झटका कधी नाही, स्टेंट नाही, लकवा नाही. रक्तदाबाची गोळी आहे आणि कुणीतरी सांगितलं म्हणून सहा वर्षं रोज अ‍ॅस्पिरिन घेतात. ‘तू म्हणतोस तसे शंभरात दोन वाचतात, मग मी घेतो ते बरोबरच ना?’

मी म्हटलं, सर, ते दोन झटका आलेल्यांतले. तुमच्यासारख्या, हृदयविकार नसलेल्या म्हाताऱ्या माणसांची चाचणी वेगळी आहे, ‘अ‍ॅस्प्री’, २०१८ची. १९,११४ लोक, बहुतेक सगळे सत्तरीच्या पुढचे. वर्षाला हजारात हृदयाचे आणि रक्तवाहिन्यांचे आजार अ‍ॅस्पिरिन घेणाऱ्यांत १०.७, न घेणाऱ्यांत ११.३. म्हणजे जवळजवळ सारखेच. मोठा रक्तस्राव मात्र ८.६ विरुद्ध ६.२. तेव्हा तुमच्या डॉक्टरांकडे जाऊन ही गोळी हवी का, हे विचारा. रक्तदाबाची मात्र सोडू नका. आणि ज्यांना झटका येऊन गेलाय किंवा स्टेंट आहे, त्यांनी हे ऐकून स्वतःच्या मनानं अ‍ॅस्पिरिन बंद करायची नाही.

सरांनी चष्मा काढला. ‘त्या एकोणीस हजारांत आपल्याकडचे किती?’

चाचणी ऑस्ट्रेलियात आणि अमेरिकेत झाली सर, भारतात केंद्र नव्हतं.

‘मग आपल्याला लागू किती, तेही विचारून येतो,’ सर म्हणाले आणि त्यांनी हे आकडे निमंत्रण पत्रिकेच्या मागच्या बाजूला लिहून घेतले.